‘ओ’ गटाआड दडलेली जनुके : विनिफ्रेड वॉटकिन्स यांचे संशोधन आणि बॉम्बे रक्तगट

ठाण्यात नौपाडा, कोपरी किंवा वर्तकनगरच्या एखाद्या मंडळाने गणेशोत्सवात रक्तदान शिबिर भरवले की दात्याच्या बोटातून घेतलेले रक्ताचे थेंब काचपट्टीवर टाकून त्याचा गट पाहिला जातो, आणि अँटी-ए व अँटी-बी या दोन्ही द्रवांत पेशींचे पुंजके झाले नाहीत तर त्याच्या कार्डावर ‘ओ’ असे लिहिले जाते. ही नोंद बहुतेक वेळा बरोबरच असते. तरीही ती पिशवी रक्तपेढीत पोहोचल्यावर तिची पुन्हा, आणि या वेळी उलट बाजूने, तपासणी होते : दात्याच्या पेशी बाजूला ठेवून त्याचा रक्तद्रव ए गटाच्या, बी गटाच्या आणि नीट पद्धत पाळणाऱ्या पेढीत ओ गटाच्याही पेशींशी मिसळून पाहतात. ओ गटाच्या पेशी कोणालाही चालतात असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मग ही तिसरी नळी कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्या नळीचे कारण १९५२ साली मुंबईत सापडले आणि त्यामागचे जनुकशास्त्र लंडनच्या एका रसायनशास्त्रज्ञ बाईंनी पुढील वीस वर्षांत उलगडले. विनिफ्रेड वॉटकिन्स हे त्यांचे नाव.

सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया यांना मुंबईत तीन व्यक्ती अशा आढळल्या की त्यांच्या तांबड्या पेशी साध्या तपासणीत ओ गटाच्या वाटत, परंतु त्यांचा रक्तद्रव ए, बी, एबी आणि ओ अशा सर्वच गटांच्या पेशींचे पुंजके करत असे. त्यांना ओ गटाचे रक्त देणे धोक्याचे होते. चालत असे ते फक्त एकमेकांचे. नमुने लंडनच्या लिस्टर संस्थेत रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर यांच्याकडे गेले. त्याच संस्थेत वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स रक्तगटांचे रसायनशास्त्र धुंडाळत होते. १९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधावर मुंबईच्या तीन डॉक्टरांबरोबर लंडनच्या या चौघांचीही नावे आहेत. त्या लक्षणसमूहाला पुढे ‘बॉम्बे’ हे नाव चिकटले, ते आजतागायत.

वॉटकिन्स यांचा जन्म १९२४ सालचा, लंडनमधला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या लिस्टर संस्थेत मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागल्या, १९५० साली सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि त्या पुन्हा लिस्टरमध्येच परतल्या. त्या काळात रक्तगटांविषयी दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच गट वेगळे करून दाखवले होते, आणि फेलिक्स बर्नस्टाइन यांनी १९२४ साली ते आईवडिलांकडून एकाच जनुकाच्या ए, बी व ओ या तीन रूपांमार्फत येतात हे गणिताने सिद्ध केले होते. मात्र पेशीच्या पृष्ठभागावर नेमका कोणता पदार्थ असतो, ज्याला रक्तद्रवातील प्रतिद्रव्य (अँटीबॉडी) ओळखते आणि चिकटते, हे कोणीच सांगू शकत नव्हते. जनुक आणि गट यांच्या मधला सारा मार्ग अंधारात होता. वॉटकिन्स यांनी आपले सारे आयुष्य या मधल्या मार्गाला दिले.

पहिली अडचण कच्च्या मालाची होती. तांबड्या पेशीच्या आवरणातून रक्तगटाचा पदार्थ इतका थोडा मिळे की त्याचे रासायनिक विश्लेषण करणे त्या काळच्या साधनांना शक्य नव्हते. परंतु बहुसंख्य माणसांच्या लाळेत, जठररसात आणि इतर स्रावांतही तोच गटविशेष असलेला पदार्थ विरघळलेल्या रूपात असतो, हे तोवर माहीत झाले होते. मॉर्गन यांनी शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या अंडाशयाच्या गाठींमधील द्रव हा स्रोत निवडला. अशा एका गाठीत कित्येक लिटर द्रव असू शकतो आणि त्यातून शुद्ध पदार्थ काही ग्रॅमपर्यंत हाती लागतो. संशोधनाचा इतिहास सांगताना ही बाब सहसा एका ओळीत उरकली जाते, पण मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण रुग्णालयाने टाकून दिलेल्या त्या द्रवाशिवाय पुढचा एकही प्रयोग झाला नसता.

या पदार्थाचे विश्लेषण केल्यावर तो प्रथिनाच्या कण्याला लोंबणाऱ्या शर्करांच्या साखळ्यांचा बनलेला दिसला. आश्चर्य असे की ए, बी आणि ओ या तिन्ही गटांच्या व्यक्तींच्या द्रवात त्याच त्याच शर्करा सापडत होत्या, आणि प्रमाणातील थोडासा फरक सोडला तर रासायनिकदृष्ट्या ते सारखेच भासत होते. मग प्रतिद्रव्याला फरक कळतो कसा? याचे उत्तर काढण्यासाठी वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी वापरलेली युक्ती अतिशय सोपी होती. प्रतिद्रव्य ज्या शर्करेला चिकटते ती शर्करा नळीत सुटी घातली तर प्रतिद्रव्याच्या जागा तिनेच भरून जातील आणि पेशींचे पुंजके होणार नाहीत. कोकणात ज्याला वाम म्हणतात त्या माशाच्याच गणातील ईल माशाच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशींचे पुंजके करणारा घटक असतो. त्या रक्तद्रवात एकेक साधी शर्करा घालून पाहिल्यावर एकीनेच ही क्रिया थांबवली, ती म्हणजे एल-फ्यूकोज. हा निष्कर्ष १९५२ सालीच ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी वनस्पतींच्या बियांतील अँटी-ए गुणधर्माच्या द्रव्यावर हीच पद्धत वापरून ए गटाची ओळख एन-असेटिल-गॅलॅक्टोसमीन या शर्करेत असल्याचे त्यांनी दाखवले. बी गटाची ओळख गॅलॅक्टोजमध्ये असल्याचेही थोड्याच काळात स्पष्ट झाले.

म्हणजे माणसामाणसांत जीवघेणा भेद करणारा हा गुणधर्म लांबलचक साखळीच्या टोकाशी असलेल्या एका शर्करेवर अवलंबून होता. परंतु त्यातून एक मोठा जनुकशास्त्रीय पेच उभा राहिला. जनुक प्रथिने घडवण्याची माहिती देते. शर्करा हे काही जनुकाचे थेट उत्पादन नव्हे. मग ए जनुक आणि ए गट यांच्यात प्रत्यक्ष नाते कसले? वॉटकिन्स यांच्या मनात जुळत गेलेले उत्तर असे होते की जनुक विकर (एन्झाइम), म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, घडवते, आणि ते विकर आधीच तयार असलेल्या साखळीच्या टोकाला ठरावीक शर्करा जोडते. आज हे वाचताना साधे वाटते. मात्र अशी विकरे तोपर्यंत कोणी हाती धरली नव्हती, आणि ज्या साखळीला शर्करा जोडायची ती आधीची साखळी कोणती हेही सिद्ध व्हायचे होते.

ते सिद्ध करण्यासाठी वॉटकिन्स उलट दिशेने निघाल्या. गुरांमध्ये वांझपणा आणि गर्भपात घडवणारा ट्रायकोमोनास फीटस हा एकपेशीय परजीवी रक्तगटाचे पदार्थ नष्ट करणारी विकरे तयार करतो. त्या विकरांनी बी गटाच्या पदार्थाचे बी-पण काढून टाकले तेव्हा उरलेला पदार्थ निष्क्रिय झाला नाही, तर त्यात ओ गटाच्या पेशींवर आढळणारा तो फ्यूकोजयुक्त गुणधर्म, ज्याला एच प्रतिजन (अँटिजेन, म्हणजे प्रतिद्रव्य ज्याला ओळखते ती खूण) म्हणतात, तो प्रकट झाला. १९५६ सालच्या या निष्कर्षाचा अर्थ उघड होता : बी प्रतिजनाच्या आत एच प्रतिजन झाकलेले असते. काही वर्षांनी, १९६२ साली, त्यांनी अमेरिकेतील झार्निट्झ आणि कबाट यांच्याबरोबर कॉफीच्या बियांतून काढलेल्या विकराने हेच पुन्हा दाखवले. कॉफीच्या बियांतील विकर बी गटाच्या पदार्थातील गॅलॅक्टोज अचूक छाटते आणि खाली एच उरते. याच विकराने बी गटाच्या पेशींचे ओ गटात रूपांतर करून त्या माणसांना देण्याचे प्रयोग १९८०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये झाले.

आता मुंबईच्या त्या तीन व्यक्तींकडे वळू. त्यांच्या पेशींवर ए नव्हते, बी नव्हते आणि एचही नव्हते. म्हणूनच ज्यांच्या पेशींवर एच भरपूर असते त्या ओ गटाच्या पेशी त्यांच्या शरीराला परक्या वाटत आणि त्यांचा रक्तद्रव अँटी-एच प्रतिद्रव्याने त्या पेशी फोडून टाकी. वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी १९५५ साली मांडलेला विचार असा होता की एच घडवणारे जनुक ए-बी-ओच्या जनुकापासून पूर्णपणे स्वतंत्र असले पाहिजे, आणि बॉम्बे गटाच्या व्यक्तीत ते दुसरे जनुक निकामी असले पाहिजे. तसे असेल तर अशा व्यक्तीकडे ए किंवा बी जनुक सुस्थितीत असूनही ते दिसणार नाही, कारण जोतेच नसेल तर वरची भिंत उभी राहत नाही. त्याच वर्षी अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यात पेशींवर बी अजिबात न दिसणाऱ्या बाईने बी जनुक आपल्या अपत्याला दिले होते. १९५९ साली वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी या साऱ्या निरीक्षणांची सांगड घालून आधी मूळ साखळी, तिच्यावर एच जनुकाचे विकर, आणि नंतरच ए व बी जनुकांची विकरे असा संपूर्ण क्रम मांडला. इटलीतील रुग्गेरो चेप्पेल्लिनी हेही स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला आले होते.

हा क्रम पेशीत नेमका कुठे घडतो हे समजून घेतले की त्याची सुबकता अधिक जाणवते. तांबडी पेशी रक्तात फिरते तेव्हा तिच्यात केंद्रक नसते आणि शर्करा जोडणारी यंत्रणाही नसते. ते काम त्याआधीच, अस्थिमज्जेत ती पेशी घडत असताना, तिच्या आतील गॉल्जी पिंड या चपट्या पिशव्यांच्या रचनेत झालेले असते. साखळ्या या पिशव्यांतून पुढे सरकतात आणि तेथील पटलांत रुतलेली विकरे त्यांना एकेक शर्करा जोडतात; आधी फ्यूकोज, मग ज्याच्याकडे जे विकर असेल त्याप्रमाणे एन-असेटिल-गॅलॅक्टोसमीन किंवा गॅलॅक्टोज. अशा तयार साखळ्या लाखोंच्या संख्येने पेशीच्या पृष्ठभागावर येतात. मज्जेतून बाहेर पडताना पेशीवर जो गट उमटला तोच तिच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात टिकतो.

तर्क कितीही सुसंगत असला तरी विकर प्रत्यक्ष दिसणे आवश्यक होते, आणि १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात वॉटकिन्स यांच्या गटाने व अमेरिकेतील संशोधकांनी ए आणि बी जनुकांची विकरे हाती धरली. ही विकरे पेशींबाहेर पडून थोड्या प्रमाणात रक्तद्रवातही आढळतात. त्यामुळे एक निर्णायक प्रयोग शक्य झाला. बॉम्बे गटाच्या व्यक्तींच्या पेशींवर ए किंवा बी नसते, परंतु वॉटकिन्स यांचे म्हणणे खरे असेल तर त्यांतील ज्यांना ए किंवा बी जनुक मिळाले आहे त्यांच्या रक्तद्रवात ते ते विकर मिळायलाच हवे. १९७२ साली वॉटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते शोधले आणि ते मिळाले. काम करायला तयार असलेले विकर, पण ज्यावर काम करायचे तो एच पदार्थच नाही, अशी ती अवस्था होती. मुंबईतील निरीक्षणाने उभ्या केलेल्या प्रश्नाचे उत्तर वीस वर्षांनी असे नळीत उतरले. माझ्या मते रक्ताच्या जनुकशास्त्रात याहून स्वच्छ पुरावा क्वचितच सापडेल, कारण यात न दिसणाऱ्या जनुकाचे अस्तित्व त्याच्या कामावरून सिद्ध केले गेले.

या शोधाची एक बाजू प्रयोगशाळेच्या बाहेरची आहे आणि आपल्या समाजात ती सांगितलीच पाहिजे. आई बॉम्बे गटाची असून तिच्यात बी जनुक दडलेले असेल आणि वडील ओ गटाचे असतील, तर मूल बी गटाचे जन्मू शकते. साध्या तपासणीत मात्र आई ओ, वडील ओ आणि मूल बी असे दिसते. आई नेहमीच्या ओ गटाची आणि वडील बॉम्बे गटाचे असतील तरीही हेच घडते. पाठ्यपुस्तकातील तक्ता पाहून कोणी अशा घरात संशय पेरला तर त्याचा त्रास त्या बाईला भोगावा लागतो. रक्तगटाच्या तक्त्यावरून पितृत्वाचा निवाडा करू नये, ही केवळ सभ्यतेची गोष्ट नव्हे. तसा निवाडा शास्त्रीयदृष्ट्याही चुकीचा ठरू शकतो.

वॉटकिन्स यांना १९६९ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९८८ साली रॉयल पदक मिळाले. दरम्यान १९७५ साली आर्थिक अडचणींमुळे लिस्टर संस्थेच्या प्रयोगशाळा बंद झाल्या आणि त्यांना लंडनच्या हॅरो भागातील नॉर्थविक पार्क येथील संशोधन केंद्रात जावे लागले. नियत वयोमानाने निवृत्त झाल्यावरही त्या हॅमरस्मिथ रुग्णालयात काम करत राहिल्या. तेथील त्यांचा विषय रक्ताच्या कर्करोगाशी निगडित होता. मज्जेतील पांढऱ्या पेशी परिपक्व होत असताना त्यांच्या पृष्ठभागावरील फ्यूकोजयुक्त शर्करासाखळ्या केव्हा उघड्या पडतात आणि केव्हा दुसऱ्या शर्करेने झाकल्या जातात, आणि हे कोणते विकर ठरवते, हे त्यांनी रक्तविकारतज्ज्ञांच्या साहाय्याने तपासले. अशाच एका साखळीला आज सीडी१५ हे नाव आहे, आणि रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार ठरवताना पेशींवर ती आहे की नाही हे पाहिले जाते. ईलच्या रक्तद्रवात फ्यूकोज ओळखणाऱ्या संशोधिकेने चार दशकांनी त्याच शर्करेचा माग पेशींच्या परिपक्वतेपर्यंत न्यावा, हे तिच्या कामाच्या सलगतेला शोभणारेच आहे. २००३ साली त्यांचे निधन झाले. शंभरी ओलांडलेले मॉर्गनही त्याच वर्षी निवर्तले.

१९९० साली जनुके प्रत्यक्ष वाचता आली तेव्हा वॉटकिन्स यांचा सारा आराखडा बरोबर ठरला. फुमीइचिरो यामामोतो आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ए आणि बी विकरांत केवळ चार अमिनो आम्लांचा फरक आहे, आणि ओ गटाच्या सर्वांत प्रचलित रूपात जनुकाच्या डीएनएतील एक अक्षर गळाल्यामुळे विकरच अपुरे राहते. त्याच वर्षी एच घडवणारे एफयूटी१ हे जनुकही सापडले. ए-बी-ओचे जनुक नवव्या गुणसूत्रावर आणि एफयूटी१ एकोणिसाव्या गुणसूत्रावर, म्हणजे १९५५च्या तर्काप्रमाणे खरोखरच एकमेकांपासून स्वतंत्र. भारतातील बॉम्बे गटाच्या व्यक्तींचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या एफयूटी१ मध्ये ७२५व्या स्थानी एका अक्षराचा बदल आढळला, आणि शेजारचे एफयूटी२ हे स्रावांत एच घडवणारे जनुक तर समूळ नाहीसे झालेले दिसले. म्हणूनच या व्यक्तींच्या लाळेतही एच नसते.

पेशी आणि स्राव यांचा हा भेद नवी मुंबईत रोजच्या उपचारांतही डोकावतो. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन व उपचार संस्थेत, अस्थिमज्जा प्रत्यारोपण होते. दाता आणि रुग्ण यांचे रक्तगट वेगळे असले तरी असे प्रत्यारोपण करता येते, आणि नवी मज्जा रुजल्यावर काही महिन्यांत रुग्णाच्या तांबड्या पेशींचा गट बदलून दात्याचा होतो, कारण गट उमटवणाऱ्या पेशी आता दात्याच्या असतात. रुग्णाच्या लाळग्रंथी मात्र त्याच्या स्वतःच्याच राहतात. त्यामुळे ए गटाच्या रुग्णाला ओ गटाची मज्जा मिळाली तरी, तो स्रावांत प्रतिजन सोडणाऱ्यांपैकी असेल तर, त्याच्या लाळेत ए सापडत राहते. नातेवाइकांना हे ऐकून धक्का बसतो, पण गट ही रक्ताची नव्हे तर रक्त घडवणाऱ्या पेशींतील विकरांची गोष्ट आहे हे एकदा उमगले की त्यात विसंगती उरत नाही.

बॉम्बे गट युरोपात सुमारे दहा लाखांत एकाच्या आसपास आढळतो, तर भारतात सुमारे १०,००० मध्ये एकाकडे असावा असा अंदाज आहे, आणि आपल्या पश्चिम व दक्षिण भारतात तो अधिक दिसतो. आईवडील दोघांकडूनही निकामी एफयूटी१ मिळाल्यावरच तो उमटतो, म्हणून नात्यात किंवा लहानशा समूहातच विवाह होत आलेल्या कुटुंबांत त्याची शक्यता वाढते. या हिशेबाने ठाणे आणि नवी मुंबईच्या लाखोंच्या वस्तीत असे अनेक जण असणार, आणि त्यांतील कित्येकांच्या कार्डावर आज ‘ओ’ लिहिलेले असणार. शिबिरातील काचपट्टीवर ते ओळखू येत नाहीत. ओ पेशींची तिसरी नळी किंवा युलेक्स या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढलेले, एच ओळखणारे द्रव्य वापरले तरच ते ओळखू येतात. तेवढेही झाले नाही तर रक्त चढवण्यापूर्वीच्या क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवाशी जुळवून पाहण्याच्या चाचणीत, एकामागून एक ओ पिशव्या जुळत नाहीत तेव्हा कळते, आणि तोवर अपघातातील किंवा बाळंतपणातील रुग्णाचा मोलाचा वेळ गेलेला असतो.

एखाद्या व्यक्तीचा बॉम्बे गट निश्चित झाला तर पहिली तपासणी तिच्या सख्ख्या भावंडांची करावी, कारण आईवडील दोघेही वाहक, म्हणजे निकामी एफयूटी१ची एकच प्रत बाळगणारे, असल्यास प्रत्येक भावंडाकडे हाच गट असण्याची शक्यता २५ टक्के असते. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आपलेच रक्त आधी काढून ठेवता येते. शंकास्पद नमुन्यांची खात्री परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत करून घेता येते, आणि दुर्मिळ गटांच्या दात्यांची नोंद ठेवण्याचे कामही तेथे चालते. आपल्या कार्डावर ‘ओ’ असेल आणि ते केवळ शिबिरातील काचपट्टीवरून लिहिलेले असेल, तर पुढच्या रक्तदानाच्या वेळी पेढीतील तंत्रज्ञांना ओ पेशींशी उलट तपासणी झाली आहे का, एवढे अवश्य विचारावे.